काचेवरची विभूती

आमचा कॉम्प्युटर क्लब जोडभावी पेठेतल्या एका शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत भरतो. लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर आम्ही गोळा करतो. पोरं ते उघडतात, आणखी बिघडवतात, पुन्हा जोडतात आणि चालू झाले की गावाकडच्या शाळांना देऊन टाकतात. शेजारी यंत्रमाग चालतात, त्यामुळे मला सगळं ओरडूनच शिकवावं लागतं. तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवून मी निवृत्त झालो. यंत्र खोटं बोलत नाही, आपणच त्याला चुकीचं विचारतो, हे माझं ठरलेलं वाक्य. पोरं माझी नक्कल करतात ती ह्याच वाक्याने.

नोव्हेंबरात क्लबला आणखी एक काम असतं. पेन्शनवाल्या माणसांना दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. काचेवर बोट ठेवायचं, रेघा जुळल्या की हिरवा दिवा लागतो आणि दाखला निघतो. पण सोलापुरातल्या म्हाताऱ्या बोटांना रेघा उरतात कुठे? कुणाच्या विड्या वळून गेल्या, कुणाच्या मागावर. त्यात बोट कोरडं असलं तर बघायलाच नको.

यावर पिंकीने तोड काढली होती. पिंकी एकोणीस वर्षांची, क्लबातली सगळ्यात हुशार मुलगी. पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरच्या पत्र्याने तिचं उजव्या हाताचं पहिलं बोट तिरकं कापलं. चार टाके पडले, तरी दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून हजर. म्हाताऱ्यांचं कोरडं बोट ती स्वतःच्या कपाळावर घासायची. कपाळाच्या तेलकटपणाने बोट मऊ व्हायचं आणि काच ते घ्यायची. पण घरच्या रिवाजाने तिच्या कपाळावर रोज विभूती असायची. ती राख बोटाबरोबर काचेवर यायची आणि माझं डोकं फिरायचं. ‘काच पूस’ हे मी दिवसातून दहादा म्हणत असेन. ती ओढणीच्या टोकाने पुसायची.

“राखेनं काय हुतंय, सर?” म्हणायची. “माणूस जित्तं निघाल्याशी मतलब की.”

फेब्रुवारीत ती गेली. कुंभारीच्या शाळेत कॉम्प्युटर जोडून स्कूटीवरून परत येताना, उसाच्या ट्रॅक्टरखाली. तिला एकटीला मी पाठवलं होतं. दुसरं कुणी मोकळं नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. मी मोकळा होतो. ऊन फार होतं म्हणून गेलो नाही.

या नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी मी बोटाच्या यंत्राची पत्र्याची पेटी उघडली, तर काचेवर पांढरा डाग होता. पेटीची किल्ली माझ्याच खिशात असते. मागांवरून सुताची धूळ येते, तीच असणार म्हणून पुसला. दुसऱ्या रविवारी पुन्हा डाग. या वेळी चिमटीत घेऊन पाहिलं. सुताची धूळ चिकटते, ही पिठाहून मऊ होती. तोही डाग मी पुसला.

चौथ्या रविवारी दरवर्षी येणारे पेन्शनवाले बसलिंगप्पा आले. गेली तीन वर्षं त्यांचं बोट काचेने सहज घेतलं नव्हतं. दर वेळी पिंकीलाच खटपट करावी लागायची. यंत्रावर यंदा क्लबातला ऋतुराज बसला होता. पहिल्याच झटक्यात हिरवा दिवा लागला.

“आजोबा, यंदा कसं काय जमलं?”

“त्या पोरीनं बोट धरलं की.”

“कुठल्या पोरीनं?”

बसलिंगप्पांनी मान वळवून इकडेतिकडे पाहिलं. “हितंच व्हती. कपाळ लई गार हाय तिचं.”

ऋतुराज माझ्याकडे बघत राहिला. बसलिंगप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे मी त्याला दोनदा सांगितलं.

तीस तारखेला, शेवटच्या दिवशी दुपारी, ऋतुराज नागम्माबाईंना घेऊन आला. नागम्माबाई म्हणजे पिंकीची आई. नवऱ्यामागे त्याच्या गिरणीचं पेन्शन त्यांना मिळतं. दाखला निघाला नाही तर तेही थांबणार होतं. चाळीस वर्षं त्यांनी कडक भाकरी थापून विकल्या. पोरगी गेल्यापासून तवा चुलीवर चढला नव्हता. महिनाभर मी निरोप पाठवत होतो आणि त्या येत नव्हत्या.

त्यांचं कपाळ मोकळं होतं. विभूतीही लावायची सोडली होती.

चेहरा दाखवूनही दाखला निघतो, म्हणून आधी ते करून पाहिलं. त्यात मोबाइलसमोर पापण्या मिटून उघडाव्या लागतात. नागम्माबाई मिटायच्या आणि उघडायच्याच नाहीत. मग बोट. काच मी स्वतः स्वच्छ पुसली. त्यांच्या बोटांची टोकं भाकरी थापून गुळगुळीत झाली होती, एकाही बोटाला रेघ नव्हती. लाल दिवा. दुसरं बोट, लाल. दहाही बोटं झाली.

“ऱ्हाऊ द्या, सर,” त्या म्हणाल्या. “मशीन खोटं बोलत न्हाय म्हंता की तुमी. मी जित्ती न्हाय, तेच सांगतंय ते.”

माझंच वाक्य. पिंकीने घरी सांगितलेलं असणार. मी त्यांचं बोट धरलं आणि माझ्या कपाळावर घासलं. जन्मात पहिल्यांदा. पण माझं कपाळही त्रेसष्ट वर्षांचं, कोरडं. लाल दिवा.

“मी मोकळा होतो त्या दिवशी,” मी म्हणालो. “मीच जायला हवं होतं.”

बाहेरचे माग एकदम थांबले. वीज गेली असेल म्हणून मी वर पाहिलं, तर पंखा फिरत होता.

नागम्माबाईंचा हात माझ्या हातातून सुटला आणि वर गेला. त्यांनी उचलला असं वाटलं नाही.

बोट हवेत एका जागी थांबलं. खुर्चीजवळ वाकलेल्या माणसाचं कपाळ येईल, तेवढ्या उंचीवर.

तिथे ते दोनदा घासलं गेलं.

मग नागम्माबाईंनी तळवा उघडला आणि तो त्या रिकाम्या जागेवर हलकेच टेकवून ठेवला. पोराला ताप आहे का, ते आई बघते तसा.

“गार पडलीस गं,” त्या म्हणाल्या.

ऋतुराज भिंतीला टेकला होता.

हात खाली आला. बोट काचेवर टेकलं.

हिरवा दिवा लागला.

माग पुन्हा सुरू झाले. प्रिंटरमधून दाखला आला. नागम्मा मल्लिनाथ, हयात. त्यांनी कागदाची घडी घालून कनवटीला लावली. बोटाच्या टोकाला लागलेलं पांढरं त्यांनी स्वतःच्या कपाळावर ओढलं.

“दर साली यावं लागतंय न्हवं?” दारात थांबून त्यांनी विचारलं.

“दर नोव्हेंबरात.”

“मंग जगतो की,” त्या म्हणाल्या, आणि ऋतुराजबरोबर निघून गेल्या.

मी सवयीने फडकं घेतलं. काचेवर राखेत एका बोटाचा ठसा उठला होता. नागम्माबाईंच्या बोटाला रेघा नाहीत. या ठशात सगळ्या होत्या, दाट आणि कोवळ्या, आणि त्यांना मधोमध तिरकी कापत गेलेली एक जुनी खूण, चार टाक्यांची.

काच मी पुसली नाही.