बॉक्सवरचा ब्रेकलाइट

माणूस गाडीवर काय लादतो, यावरून हरेश त्याची कुंडली मांडायचा. वाशीचा बँकेतला साहेब लडाखला निघाला की तीन बॅगा बांधून यायचा आणि त्यातली एक फक्त चकल्यांची असायची. कॉलेजातली पोरं एक रिकामी बॅग लावायची, फोटोत भरलेली दिसावी म्हणून. नवी लग्न झालेली जोडपी मात्र इतकं सामान घ्यायची, जणू परत यायचंच नाही.

तुर्भ्याच्या सर्व्हिस रोडला, ट्रकच्या टायरवाल्यांच्या रांगेत त्याचं दुकान होतं. मोटरसायकलला बॉक्स आणि बॅगा बसवून देणं हा धंदा, आणि त्यांच्यावर जादा दिवे लावणं ही खासियत. गिऱ्हाईक कुरकुरलं की हरेश त्याला हाताला धरून त्याच्याच गाडीमागे उभं करायचा.

"बघा. दिसतो ब्रेकलाइट? इंडिकेटर दिसतो? नुसत्या बॅगा दिसतात. तुम्ही थांबताय हे मागच्या ट्रकवाल्याला काय स्वप्नात येणार हाय?"

मग गिऱ्हाईक दिवे लावून घ्यायचं.

दिवे लागले की चाचणी. गिऱ्हाइकाने गाडीवर बसून समोर बघायचं. हरेश मागे उभा राहून म्हणणार, "दाब." दिवा पेटला की ओरडणार, "लागला!" मग "सोड", आणि मग "विझला!" डावा, उजवा, ब्रेक, सगळ्यांचं असं झाल्याशिवाय गाडी दुकानातून हलायची नाही. वळून बघायला बंदी. "पुढच्याला आपला दिवा कधी दिसत नाय," हरेश म्हणायचा. "मागचा सांगेल ते खरं मानायचं."

त्याचा धाकटा भाऊ रूपेश याला दुकानाची आरती म्हणायचा.

रूपेश वाशीला एका ऑफिसात होता. हिवाळ्यात त्याचं निशिगंधाशी लग्न झालं, आणि आता शनिवारी पहाटे दोघं मोटरसायकलवरून दापोलीला निघणार होती. नवा बॉक्स, दोन बाजूंना दोन बॅगा. हरेशच्या हिशेबात हे जोडपं तिसऱ्या प्रकारात बसत होतं आणि त्याला त्याची गंमत वाटत होती. पण भावाच्या गाडीला दिवे लावताना त्याने प्रत्येक सांधा दोनदा सोल्डर केला. गाडीच्या ब्रेकची वायर शोधून त्यातून फाटा काढला, मध्ये वायर जोडायचा-सोडायचा कप्लर टाकला, म्हणजे मुक्कामाला बॉक्स काढून खोलीत नेता येईल.

गुरुवारी संध्याकाळी चाचणी. रूपेश गाडीवर, हरेश मागे.

बॉक्सवरची ब्रेकची लाल पट्टी दोनदा हलकेच लुकलुकली, मग पूर्ण पेटली.

"अरे, मी अजून दाब म्हटलाच नाय."

"मी पन अजून पाय ठेवला नाय," रूपेश समोर बघत म्हणाला.

"मस्करी करतोस?"

"दादा, आईची शपथ. ये, तूच बस."

हरेश बसला. ब्रेक दाबायची त्याची एक जुनी लकब होती. पाय पेडलवर दोनदा हलकेच टेकवायचा, मग दाबायचा. मागच्याला आधीच इशारा मिळतो, असं तो सांगे. रूपेश मात्र एकदम दाबणारा. "दादा ब्रेकला गुदगुल्या करतो," तो घरी सगळ्यांना सांगायचा. "ब्रेक हसला की मग दाबतो."

"लागला!" रूपेश मागून ओरडला. "विझला! झाली आरती. प्रसाद दे."

दिव्यांभोवतीचं सिलिकॉन रात्रभर सुकायला हवं होतं. हरेशने कप्लर काढला आणि बॉक्स काउंटरवर ठेवला. रूपेश समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेला. गाडी बाहेर स्टँडवर उभी होती, चावी रूपेशच्या खिशात.

हरेश पाने पुसत होता तेव्हा काउंटर लाल झाला.

हलकेच एकदा. हलकेच दुसऱ्यांदा. मग भक्क.

बॉक्सची वायर काउंटरवरून खाली लोंबत होती. कप्लरच्या पितळी पिना हवेत होत्या, कशालाही न लागलेल्या. हरेशने पाना खाली ठेवला. बॉक्स उघडला. आत कोऱ्या रबराचा वास, बाकी काही नाही. बॅटरी नाही, सेल नाही. झाकण लावलं तेव्हा उजवा इंडिकेटर लागला होता. टक, टक, टक, नेहमीच्या चालीने. मग बराच वेळ काही नाही. मग लाल पट्टी एकदम पेटली, जशी कोणी आडवं आल्यावर पेटते. पुन्हा उजवा. मग हलकेच, हलकेच, आणि ब्रेक. संपलं.

वीस वर्षं वायरी हाताळलेल्या माणसाने जे करायचं तेच त्याने केलं. वायर बोटांनी चाचपली, टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही. वायरीत काही नव्हतं.

"निघूया?" रूपेश दारातून म्हणाला. "तोंड का असा झालाय?"

"चल. गाडी मी चालवतो. बघू दे कशी चालते."

रूपेश मागे बसला, बॉक्स दुकानात राहिला. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला, हरेशने दोनदा पाय टेकवून ब्रेक दाबला. वजनकाट्यापाशी उजवीकडे वळला. पुढे सरळ रस्ता. देवळाजवळ पाण्याचा टँकर बघता बघता मागे येत रस्त्यावर आला आणि हरेशने ब्रेक कचकन दाबला. रूपेश त्याच्या पाठीवर आपटला, ड्रायव्हरला एक शिवी दिली. मग उजवीकडे घराची गल्ली. दारात येऊन गाडी थांबली तरी हरेशचे हात हँडलवरून सुटेनात.

"दादा? उतर ना."

हरेशने रात्री जेवताना मनातल्या मनात सगळं पुन्हा मांडून पाहिलं. गतिरोधक, काटा, टँकर, गल्ली. एकही दिवा जास्त नाही, एकही कमी नाही. गिऱ्हाइकांच्या स्वभावाचा हिशेब तो बोटांवर ठेवायचा. या हिशेबाला बोटं पुरत होती, अक्कल पुरत नव्हती. शेवटी त्याने मेकॅनिकसारखाच निष्कर्ष काढला. गाडी जे पुढे करणार, ते बॉक्स आधी दाखवतो. गाडी कोणीही चालवो. मेकॅनिकची नजर गाडीवर असते.

शुक्रवारी त्याने शटर वर केलं तेव्हा बॉक्स नुसता बॉक्स होता. तो स्टूल ओढून समोर बसला. पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत काउंटर पुन्हा लाल झाला.

या वेळी रस्ता लांबचा होता. सुरुवातीला गल्लीबोळातले ब्रेक, मग दिव्यांमध्ये अंधाराचे मोठमोठे पट्टे. म्हणजे हायवे. पनवेलच्या बाजूचा असणार, दापोलीला दुसरीकडून कोण जातं? मग डावा इंडिकेटर. हलकेच, हलकेच, ब्रेक. आणि मग दोन्ही इंडिकेटर एकदम लागले.

हरेश उठून उभा राहिला. दोन्ही एकदम लागायची सोय या गाडीला नव्हतीच. त्याने तशी वायर ओढली नव्हती.

दोन्ही चालू असतानाच ब्रेकची पट्टी पेटली. पेटली ती विझेना. हरेशच्या तोंडून सवयीने, अगदी हळू, "लागला" निघून गेलं. पट्टी लालभडक जळत राहिली, मग थोडी मंद झाली, पुन्हा उजळली, पुन्हा मंद झाली, आणि गेली. ती नुसती बंद झाली नाही. मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखी पांढुरकी दिसायला लागली. त्यानंतर हरेशने कितीही वेळ बघितलं तरी बॉक्सने काही दाखवलं नाही. त्या रस्त्याला पुढचा रस्ता नव्हता.

त्याने बॉक्सवर गोणपाट टाकलं.

दुपारी रूपेश आणि निशिगंधा गाडी घेऊन आले. तिच्या हातात औषधांची, चार्जरची, लाडवांची अशी पिशवी होती.

"बसव बॉक्स, दादा. पहाटे निघायचंय."

"उद्याचा नको," हरेश म्हणाला. "कप्लर जळलाय. कामोठ्याला एक माणूस हाय, त्याच्याकडे गाडी न्यायला लागेल."

"दादा, रूमचे पैसे भरलेत," निशिगंधा म्हणाली.

"रूम काय पळून जात नाय."

"हरेशदादा, तुम्ही स्वतःच लोकांना सांगता, माझ्या हातचा कप्लर जळला तर मिशी उतरवीन."

"मग उतरवतो," हरेश म्हणाला. तिघांपैकी कोणी हसलं नाही.

"आण चावी, मीच नेतो कामोठ्याला," रूपेश म्हणाला.

"तू नाय!"

टायरवाल्याने मान वर करून बघितलं. एवढ्या मोठ्याने हरेश गिऱ्हाइकावरही ओरडत नसे. रूपेशने चावी मुकाट्याने दिली.

"दुकानात बसा दोघं. त्या गोणपाटाला हात लावू नका."

कामोठ्याला माणूस-बिणूस नव्हता. मेव्हण्याच्या सोसायटीत बंद पार्किंग होतं. गाडी तिथे कोंडायची, चावी खाडीत टाकायची, आणि भावाच्या चार शिव्या खायच्या, एवढाच बेत. शिव्या पुसता येतात.

हायवेला लागल्यावर त्याचा जीव हलका झाला. रस्ता मोकळा होता, ऊन लख्ख होतं. नेरुळ गेलं, बेलापूर गेलं. खारघर मागे पडल्यावर छातीवरच्या खिशात फोन थरथरायला लागला, थांबला, पुन्हा थरथरला. कामोठ्याचा फाटा आलाच होता. हरेशने डावा इंडिकेटर दिला, सर्व्हिस रोडला उतरला, दोनदा पाय टेकवून ब्रेक दाबला आणि कडेला उभा राहिला.

"दादा," रूपेशचा आवाज बसला होता. "बॉक्स लागतोय. वायर कशालाच जोडलेली नाय."

"तुला सांगितलेला, गोणपाट—"

"गोणपाटातून उजेड येत होता. आता बघ, डावा लागला. मग ब्रेक. दादा..."

"काय?"

"हा ब्रेकला गुदगुल्या करतोय."



कालची सगळी आकडेमोड त्याच्या डोळ्यांसमोरून उलटी गेली. वजनकाटा, टँकर, गल्ली. गाडी कोण चालवत होतं? रात्री हिशेबात तेवढाच एक माणूस, तो स्वतः, धरायचा राहिला होता.

त्याने चावी काढली. गाडी स्टँडला लावली आणि तिच्याकडे पाठ न करता मागे सरत फुटपाथवर चढला, भिंतीला टेकला.

"आता?"

"आता दोन्हीकडचे लागले."

हरेशने गाडीकडे बघितलं. तिचे सगळे दिवे विझलेले होते. उन्हात आरसा चमकत होता. रस्त्यावर लांबपर्यंत कोणी नव्हतं.

"दादा, ब्रेक लागला. पूर्ण."

"कोनाचा ब्रेक? मी गाडीवर नाय. गाडी बंद हाय. मी उभा हाय!"

एका हातात फोन होता, दुसऱ्यात चावी. दोन्ही हात त्याने नीट पाहिले. मग त्याने खाली पाहिलं.

त्याचा उजवा पाय टाच उचलून पुढे गेला होता. चपलेचं टोक दुमडलं होतं. अंगठा फुटपाथच्या मातीत इतका रुतला होता की नख पांढरं पडलं होतं. तो दाबत होता. केव्हापासून, त्याला कळलं नव्हतं.

त्याने पाय किंचित सैल केला.

"मंद झाला," रूपेश म्हणाला.

हरेशने जीव खाऊन पाय दाबला.

"लागला!"

सकाळी पट्टी अशीच मंद झाली होती. पुन्हा उजळली होती. आणि मग.

"रूपेश," तो म्हणाला, "तिथून हलू नको. बघत राहा. मला सांगत राहा."

"दादा, तू कुठं हायेस? मी येतो."

"येऊ नको. सांग नुसता."

मागे निशिगंधाच्या रडण्याचा आवाज येत होता. हरेशच्या पोटरीत गोळा यायला सुरुवात झाली. घाम डोळ्यांत उतरला, पण पुसायला त्याने हात हलवला नाही. सगळं वजन त्याने त्या एका अंगठ्यावर आणलं.

"लागलेला हाय?"

"हाय, दादा."

पोटरी थरथरायला लागली.

"अजून?"



"हाय," रूपेश म्हणाला. "पन मंद होतोय."