ओली कड

गेल्या एप्रिलमध्ये मी लातूरला एक भिंत पुरी करायला गेलो. काम एवढंच होतं. नांदेडहून सकाळची एसटी पकडली, डब्यात भाकरी आणि ठेचा, पिशवीत फडक्यात गुंडाळलेल्या माझ्या तीन पट्ट्या. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण मध्येच 'हे कसं शक्य आहे' असं म्हणू नका. ते मीही स्वतःला पुष्कळदा म्हणून पाहिलं आहे.

मी धम्मानंद. व्हेनिशियन प्लास्टर करतो. लोकांना तो रंगकामाचाच प्रकार वाटतो आणि मला त्याचा राग येतो. मुरवलेला चुना आणि संगमरवराची भुकटी यांचा लगदा स्टीलच्या पातळ पट्टीनं भिंतीवर ओढायचा, एकावर एक अगदी पातळ थर द्यायचे, आणि शेवटचा थर ओला आहे तोवर घोटत राहायचं. मग भिंत दगडासारखी थंड लागते आणि तिच्यात तोंड दिसतं. हैदराबादेत एका हॉटेलच्या कामावर मी आणि वीरेश हे शिकलो. वीरेश उदगीरचा, डावखुरा. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, पण हे मी त्याच्या तोंडावर कधी कबूल केलेलं नाही.

मोठी भिंत एकट्यानं होत नाही. चुना कुणासाठी थांबत नाही. ओली कड वाळली की पुढच्या भागाशी तिचा जोड दिसतो, आणि जोड दिसला की भिंत वाया गेली. म्हणून दोघं दोन टोकांना सुरुवात करतात आणि मध्यावर भेटतात. मी डावीकडून, वीरेश उजवीकडून. नजर आपापल्या पट्टीवर. हातभर जागा उरली की मी त्याला नावानं हाक मारायची, त्यानं पट्टी चुन्याच्या डब्यावर आपटून 'टक' असं उत्तर द्यायचं, आणि मगच दोघांनी एकदम कड मिळवायची. उत्तर आल्याशिवाय मिळवायची नाही. सोळा वर्षं आमचं असंच चालत आलं होतं.

त्या एप्रिलमध्ये मात्र वीरेश लातूरच्याच एका दवाखान्यात बेशुद्ध होता. चाकूरजवळ मोटारसायकल घसरून डोक्याला मार लागला होता. अकरा दिवस झाले होते आणि डॉक्टर 'वाट बघू' यापलीकडे काही बोलत नव्हते. मी आधी तिथं गेलो. उशाशी त्याची आई सिद्धम्मा बसली होती. आम्ही सगळे तिला अव्वाच म्हणतो.

"तू जा कामाला," अव्वा म्हणाली. "हितं बसून काय करणार हाईस? उठला की आधी तो भिंतीचंच इचारणार."

तो उठेल की नाही, हे तिला विचारायची माझी छाती झाली नाही.

भिंत आप्पासाहेब नावाच्या आमच्या गिऱ्हाइकाच्या नव्या बंगल्यात होती, बावीस फुटांची. त्यांची वास्तुशांत तोंडावर आली होती. मी ठरवलं, आज निम्मी करायची, उद्या निम्मी, आणि मधला जोड लाकडी पट्टीखाली झाकायचा. वीरेशला कळलं असतं तर त्यानं मला उभं-आडवं घेतलं असतं. बंगला रिकामा होता. उन्हाची झळ आत आली तर चुना बघता बघता सुकतो, म्हणून मी खिडक्यांना भिजवलेली पोती टांगली आणि दाराला आतून कडी घातली. बाहेर अकराचं ऊन भाजत होतं आणि हॉलमध्ये दिवेलागणीची वेळ झाल्यासारखं वाटत होतं. माझ्या डोक्यावर एक बल्ब होता. पलीकडचं टोक अंधारातच होतं. ओल्या पोत्यांचा आणि चुन्याचा वास सगळीकडे भरून राहिला होता.

मी सुरुवात केली. सर्र... सर्र... पट्टीचा आवाज रिकाम्या हॉलमध्ये घुमत होता. दोन-अडीच फूट झाल्यावर लक्षात आलं, की माझा हात थांबला तरी आवाज लगेच थांबत नाही. एक ओढ जास्त ऐकू येते. रिकामं घर आहे, घुमणारच, असं म्हणून मी पुढे गेलो. आणखी फूटभर झालं. आता मधूनच दोन आवाज एकमेकांवर येत होते, आणि त्यातला एक माझ्यापेक्षा हलका होता.

पाणी प्यायला म्हणून घोडीवरून, म्हणजे उभं राहायच्या लाकडी चौकटीवरून, खाली उतरलो आणि मोबाइलची बॅटरी पलीकडच्या टोकाला धरली.

तिकडची तीन-साडेतीन फूट भिंत झाली होती. ओली होती, चमकत होती.

आधी वाटलं, आप्पासाहेबांनी दुसरा कारागीर आणला असेल. पण दाराची कडी मीच घातली होती. जवळ जाऊन बोट लावलं. ओला चुना नेहमी गार लागतो. हा कोमट होता. उजेड तिरका धरला तर पट्टीच्या ओढी दिसल्या, सगळ्या डावीकडे कललेल्या. डावखुऱ्याच्या.

मी अव्वाला फोन लावला.

"अव्वा... वीरेश कसा हाय?"

"आरं, मी तुलाच फोन करणार होते!" तिचा आवाज कापत होता. "हात हलवून राहिला रे लेकरा... डावा हात. अकरा वाजल्यापासून. चादरीवर घासतोय नुसता. डॉक्टर म्हणले, लई चांगलं हाय."

मी फोन कानाला धरूनच उभा राहिलो. काम थांबलेलं होतं. भिंतीच्या त्या टोकालाही काहीच वाजत नव्हतं.

"आता थांबला बघ," अव्वा म्हणाली. "थांबला गं बाई... वीरेश? ए वीरेश?"

मी फोन ठेवला, घोडीवर चढलो आणि पट्टी भिंतीला लावली. पाठोपाठ पलीकडून आवाज आला. सर्र...

पुढचे तीन तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. पळून जावंसं वाटत होतं आणि पळता येत नव्हतं. मी थांबलो तर त्याचा हात थांबणार होता. पण आम्ही मध्यावर भेटलो की काय होणार? तो उठणार, की काम संपलं म्हणून निघून जाणार? सावकाश जावं म्हटलं तर चुना सावकाश जाऊ देत नव्हता. मी तोंडानं त्रिसरण म्हणत होतो आणि हात चालवत होतो. पलीकडे एकदाही बघितलं नाही. शेवटी डोळ्यांच्या कोपऱ्यात ती ओली कड दिसायला लागली. हातभर जागा उरली होती. आणि कुणीतरी तोंडानं श्वास घेत असल्याचा आवाज येत होता.

सोळा वर्षांची सवय. मी हाक मारली.

"वीरेश..."

टक.

आम्ही कड मिळवली. जोड कुठं झाला ते मलाच सापडेना, इतका तो साफ झाला. खाली उतरतोय तोवर फोन वाजला. वीरेशनं डोळे उघडले होते. मी तिथंच चुन्याच्या डब्यांमध्ये बसून ढसाढसा रडलो.

वीरेश महिन्याभरात घरी आला. बोलायला लागला, चालायला लागला, फक्त डाव्या हातात जोर राहिला नव्हता. एक दिवस मी उदगीरला गेलो आणि मोठ्या हौसेनं त्याला त्या भिंतीचा फोटो दाखवला. म्हटलं, "ओळख बरं, हा हात कुणाचा?" त्यानं फोटो मोठा करून कितीतरी वेळ बघितला.

"कुणाला घेतलं होतंस रे जोडीला?"

"का?"

"चांगला हाय. पण मी पट्टी सोडताना उचलतो. ह्यानं दाबलीय... दर ओढीला दाबलीय. असलं काम मी जन्मात केलं न्हाई, धम्मा."

मी विषय बदलला. पण त्या दिवसापासून मला झोप नाही. मी हाक वीरेशला मारली होती. उत्तर दिलं ते कुणी?

पुढचं काम नायगावला निघालं. सोळा फुटांची भिंत, मी एकटा. दीड फूट झालं आणि पलीकडून सर्र असा आवाज आला. मी पट्टी तिथंच टाकून बाहेर पडलो ते थेट बसस्टँडवर. चहा सांगितला, तोवर अव्वाचा फोन.

"धम्मा, वीरेश जेवता जेवता कलंडला रे... डोळं उघडीना. हाका मारून राहिले मी..."

चहा तसाच सोडून मी परत गेलो. पट्टी उचलली. पंधरा मिनिटांनी तिचा पुन्हा फोन आला. उठून बसला होता, पाणी मागत होता. मी भिंत पुरी केली. हातभर जागा उरल्यावर नाव घेतलं नाही, नुसता घसा खाकरला. तरी टक आलंच. आणि त्या दिवशी आम्ही आठ फुटांवर भेटलो नाही. मी जेमतेम सहाच फूट गेलो होतो. उरलेलं त्यानं केलं होतं.

तेव्हापासून मी कामाला नाही म्हणत नाही. एकदा आठ दिवस घरी बसून पाहिलं, तर नवव्या दिवशी वीरेशची शुद्ध हरपली; मी पट्टी हातात घेतली तेव्हाच ती परत आली. कंधारला माझ्या वाट्याला पाच फूट आले, लोह्याला चार. गेल्या महिन्यात चाकूरला तर अडीचच. मालक मात्र खूश असतात. एकटा माणूस एवढ्या झपाट्यानं काम उरकतो याचं त्यांना नवल वाटतं. वीरेशला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो मला पट्टीला हात लावू देणार नाही, आणि मग त्याचं काय होईल ते मला बघायचं नाही. परवाच अव्वा सांगत होती, त्यानं दोन भाकरी खाल्ल्या, त्याच्यासाठी मुलगी बघायची म्हणते.

उद्या हिमायतनगरला एका मास्तरांच्या घरी काम आहे. बारा फुटांची भिंत. मी तिथं अजून पाऊलही ठेवलेलं नाही. आज दुपारी मास्तरांचा निरोप आला, सोबत फोटो. "आम्ही बाहेर होतो तेवढ्यात येऊन गेलात की काय? भिंत फार सुंदर झाली. फक्त डावीकडची तेवढी जागा का सोडली?"

मी फोटो मोठा केला. अख्खी भिंत घोटून झाली होती. डाव्या टोकाला एक तुकडा कोरा होता, जमिनीपासून माझ्या उंचीएवढा. त्याची कड सरळ नव्हती. वर ती गोल होती, खाली दोन्हीकडे खांद्यांसारखी उतरली होती, आणि उजव्या बाजूला पट्टी धरलेला हात उचलावा तशी बाहेर आली होती.