चंद्रावरचा चारा

रशियानं आभाळात कुत्री सोडली, त्याच्या पुढच्या फाल्गुनातली ही गोष्ट. निमित्त अगदी साधं होतं. मुंजाजीला लोकर कातरायच्या कातरीला परभणीहून धार लावून आणायची होती आणि मेंढरांसाठी मिठाचं पोतं घ्यायचं होतं. एकट्यानं उरकायचं काम. पण परभणीत नुमाइश, म्हणजे मोठं प्रदर्शन, भरलं आहे आणि तिथं माणसांना चक्क चंद्रावर नेऊन आणतात, ही खबर आदल्या दिवशीच रानात पोचली होती. मग काय, सगळं बिऱ्हाडच निघालं.

बिऱ्हाड तरी केवढं? मुंजाजी, त्याची बायको केवळाबाई, सात वर्षांची मनकर्णा आणि मुंजाजीची आई भिवराबाई. धाकटा भाऊ येडबा मेंढरांपाशी राहिला. ज्वारी निघाली की मोकळ्या रानात धनगरांनी मेंढरं बसवायची. रानाला खत होतं, धनगराला धान्य मिळतं. ताडकळसकडून फिरत फिरत त्यांची मेंढरं परभणीपासून दोन कोसांवर, बन्सीधर पाटलाच्या रानात येऊन बसली होती.

भिवराबाईबद्दल आधीच सांगून ठेवलेलं बरं. म्हातारी अंगानं काडी, पण तोंडानं तोफ, आणि त्या तोंडात दिवसभर तंबाखूचा बार. केवळाबाईला त्या घरात येऊन नऊ वर्षं झाली होती आणि नऊ वर्षांत सासूचा एक गोड शब्द तिच्या कानावर पडला नव्हता. भाकरी जाड झाली तर ती आळशी, पातळ झाली तर ती कंजूष. त्या दिवशी वाटेतही पट्टा सुरूच होता.

"पायात दगड बांधलेत का गं? लंगडी मेंढी म्होरं जाईल तुझ्या."

"चालायलेच की, आत्याबाई."

"चालायलीस व्हय? मला वाटलं, उभीच हायेस."

केवळाबाई पदर सावरून मुकाट चालत राहिली. आपण मरायच्या आधी, नाहीतर म्हातारी मरायच्या आधी, तिनं एकदा तरी मायेनं बोलावं, एवढीच तिची इच्छा होती. देवाकडंही ती दुसरं काही मागत नसे.

नुमाइशीच्या कमानीवर पत्र्याच्या चांदण्या लटकत होत्या आणि वर पाटी होती, 'उद्याचं जग'. आत पाळणे होते, विजेवर फिरणारी चक्रं होती, आणि एक लोखंडी माणूस होता. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकायचा. मुंजाजीनं गंमत म्हणून त्याच्यापुढं तपकिरीची डबी धरली, तर लोखंडाच्या आतून सटासट दोन शिंका आल्या. मनकर्णा हसून हसून जमिनीवर बसली.

"कुत्री पाठवली म्हनं वर," भिवराबाई म्हणाली. "मेंढरंच न्हाईत तिथं, तर कुत्री राखंल काय? ह्या लोकास्नी अक्कल न्हाई."

आजूबाजूची माणसं हसली. केवळाबाईलाही हसू आलं, पण ते तिनं पदराआड लपवलं.

रॉकेट शेवटच्या तंबूत होतं. कडब्याच्या गंजीएवढं, पत्र्याचं, चंदेरी रंग दिलेलं. मळकी शेरवानी घातलेला एक उंच माणूस दारात उभा होता. एका खेपेला दहा माणसं आत घेऊन तो दार लावून घ्यायचा. बिऱ्हाडाची पाळी आली, दार लागलं आणि मिट्ट काळोख झाला. रॉकेलचा, तापलेल्या पत्र्याचा, घामाचा वास. मग खालून जात्यासारखी घरघर सुरू झाली, सगळं हलायला लागलं, आणि मनकर्णा आनंदानं किंचाळली. बऱ्याच वेळानं घरघर थांबली. पलीकडचं दार उघडलं.

तिथं चंद्र होता. म्हणजे पायाखाली भुसभुशीत पांढरा चुना, आणि समोर काळा पडदा. पडद्याला बारीक बारीक भोकं आणि भोकांमागं उजेड, त्याच चांदण्या. कारागिरी कळत होती, तरी सगळे गप्प झाले. बाहेर फाल्गुनातलं ऊन रणरणत होतं आणि इथं अंगावर काटा येईल एवढी थंडी होती. शिवाय बाहेरचे पिपाणीचे, भोंग्याचे आवाज एकदम बंद झाले होते.

शेरवानीवाला हळू आवाजात म्हणाला, "काले पडदे के उधर नक्को जाना, अम्मा."

पण धनगराचा पाय नव्या रानात पडला की तो आधी चारा बघतो आणि मग पाणी. राजवाडा असो की मसणवट, त्याला त्याचं सोयरसुतक नसतं. भिवराबाई साठ वर्षं हेच करत आली होती.

"एवढं मोकळं रान हाय," ती म्हणाली, "चारा कसा काय हाय ते बगून येते."

कुणी अडवायच्या आत पडदा उचलून ती पलीकडं गेलीसुद्धा. पडद्यामागं हातभरावर तंबूची कनात असायला हवी होती. केवळाबाई कान देऊन ऐकत राहिली. म्हातारीच्या वहाणा चुन्यात वाजत होत्या... लांब जात होत्या... आणखी लांब... आणि मग ऐकू येईनाशा झाल्या.

शेरवानीवाल्यानं घंटा वाजवली. पडदा हलला आणि भिवराबाई परत आली. ती हसत होती.

"चारा न्हाई गं," ती म्हणाली. "पन जागा लय निवांत हाय." मग तिनं केवळाबाईच्या पाठीवरून हात फिरवला. "केवळा, लेकरा, दमली असशील तू. टेकतीस का जरा?"

केवळाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुढचा सगळा दिवस तिला सणासारखा गेला. भिवराबाईनं हट्टानं सुनेला बांगड्या भरल्या, नातीला पाळण्यात बसवलं, स्वतःही बसली. भजी खाताना पहिला घास तिनं सुनेला दिला.

"मायला चंद्रावरचं वारं मानवलं," मुंजाजी म्हणाला, "दर बाजारी आनू का तिला?"

मिठाचं पोतं आणि कातर घेऊन दिवस कलायच्या सुमाराला ते रानात पोचले. येडबानं मेंढरं वळवून आणली होती. वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून झालं होतं. संध्याकाळी वाघरीच्या तोंडाशी भिवराबाईनं उभं राहायचं आणि एकेका मेंढीनं तिच्या हाताला नाक लावून आत जायचं, ही रोजची रीत. त्या संध्याकाळी पुढची मेंढी तिच्यापाशी आली, थबकली आणि तिनं पुढचा पाय जमिनीवर आपटला.

थप.

मागच्या मेंढीनंही आपटला. मग तिच्या मागचीनं. बघता बघता सगळा कळप मान वर करून उभा राहिला आणि पाय आपटू लागला. थप... थप... थप... ओरड नाही, पळापळ नाही. भिवराबाई मात्र मधोमध हसत उभी होती.

"लांडगा फिरकला असंल," येडबा म्हणाला.

केवळाबाईला ते पटलं नाही. पाय आपटणं तिला चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्या मेंढीचं कोकरू दूध प्यायला आलं की मेंढी असाच पाय आपटते. पोरकं कोकरू मेंढीच्या गळ्यात घालायचं तर तिच्या मेलेल्या कोकराचं कातडं त्याच्या अंगावर बांधतात. तिला ओळखीचा वास येतो आणि ती त्याला पाजते. ही युक्ती तिला सासूनंच शिकवली होती, शिव्या देत देत. केवळाबाई पुढं सरकली आणि तिनं हळूच सासूच्या अंगाचा वास घेतला. लोकरीचा नाही. घामाचा नाही. नुसता कोरडा चुना.

"आत्याबाई... तंबाखू देऊ?"

"नको गं बाळा. मी कुठं खाते?"

केवळाबाई दोन पावलं मागं सरली. कातडं पांघरायचं तर आधी ज्याचं कातडं ते कोकरू मरावं लागतं, हे तिला त्याच वेळी आठवलं.

तिनं मुंजाजीला बाजूला घेऊन सांगितलं. तो वैतागला.

"नऊ वर्सांत पयल्यांदा भाकर सुखानं पोटात चालली माझ्या. आन तुला त्याचीच अडचन?"

रात्रभर केवळाबाईच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. खरी म्हातारी जिवंत असली तर तिथं पडद्यामागं थंडीत असेल, उपाशी असेल, तंबाखूवाचून तळमळत असेल. जिच्या शिव्या खाऊन नऊ वर्षं काढली तिच्यासाठी एवढं रडू येईल, असं तिला वाटलं नव्हतं. बाजूलाच झोपलेली गोड म्हातारी झोपेतसुद्धा तिच्या अंगावर पांघरूण ओढत होती, आणि तिच्या त्या हाताचीच केवळाबाईला भीती वाटत होती.

उजाडताच मनकर्णाची वहाण नुमाइशीत राहिल्याचं सांगून ती निघाली. फडक्यात दोन भाकरी बांधल्या, वर तंबाखूची पुडी ठेवली. रॉकेटात ती एकटीच होती. शेरवानीवाल्यानं तिच्याकडं पाहिलं, काहीतरी बोलावंसं त्याला वाटलं, पण त्यानं दार लावून घेतलं. घरघर झाली. चुना आला, थंडी आली. केवळाबाईनं देवाचं नाव घेतलं आणि काळा पडदा उचलला.

मागं कनात नव्हती. पांढरं रान लांबवर पसरलं होतं आणि वर काहीच नव्हतं. ती चालत राहिली.

"आत्याबाई...?"

कुणी बोललं नाही. ती आणखी पुढं गेली.

"आत्याबाई... मी हाय..."

"आता उजाडलं व्हय गं तुला?" काळोखातून आवाज आला. "कालपासून बसलेय हितं! हात मोडलेत का पाय मोडलेत तुझे? तंबाखू आनलीस का?"

केवळाबाई धावली आणि सासूच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. एवढ्या गोड शिव्या तिनं जन्मात ऐकल्या नव्हत्या. भिवराबाईनं एक भाकरी खाल्ली, जाड झालीय म्हणाली आणि तंबाखूचा बार भरला. मग दोघी हात धरून परत निघाल्या. मधे एकदाच काळोखात हात सुटला. केवळाबाईनं हाक मारली, लगेच हात सापडला. एवढंच.

दोघी पाटलाच्या रानात पोचल्या तेव्हा गोड म्हातारी तिथं नव्हती. भाकरी भाजता भाजता कुठं उठून गेली ते कुणी पाहिलं नव्हतं. तव्यावर एका बाजूनं भाजलेली भाकरी तशीच होती. भिवराबाईनं ती पाहिली, चूल बघितली, जळणाची नासाडी बघितली आणि सगळ्यांना एका दमात झोडपून काढलं.

"उतरली माय चंद्रावरून!" मुंजाजी कपाळावर हात मारून म्हणाला, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. येडबा हसला, मनकर्णा आजीला बिलगली. भिवराबाई वाघरीच्या तोंडाशी गेली, तर मेंढ्या तिच्या हातांना नाकं घासायला रेटारेटी करू लागल्या. केवळाबाईला वाटलं, आपल्यासारखं सुखी आज कुणी नाही. ती मिठाचं टोपलं घेऊन सासूच्या मागोमाग आत शिरली.

पुढच्या मेंढीनं मान वर केली आणि पाय आपटला.

केवळाबाईनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. दुसऱ्या मेंढीनं पाय आपटला, मग तिसरीनं. सगळी तोंडं तिच्याकडं होती.

"हे... ह्यास्नी काय झालं, आत्याबाई?"

भिवराबाई वळली. ती जवळ आली आणि केवळाबाईच्या मानेपाशी नाक नेऊन बराच वेळ वास घेत राहिली. तिचा सुरकुतलेला चेहरा हळूहळू उतरला. मग ती बिऱ्हाडाकडं गेली, केवळाबाईचं रोजच्या वापरातलं जुनं घोंगडं घेऊन आली, आणि अगदी सांभाळून तिच्या अंगावर पांघरलं. मेंढ्या शांत झाल्या. पुढची मेंढी जवळ येऊन घोंगड्याचा वास घेऊन गेली.

"आत ये, बाई," भिवराबाई म्हणाली. तिनं मुंजाजीकडं पाहिलं, मनकर्णाकडं पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "कुनाला सांगत न्हाई मी. एवढंच सांग... आमची केवळा... तिच्यापाशी दुसरी भाकर ठिवलीस ना गं?"

केवळाबाईला ओरडून सांगायचं होतं की मीच केवळा, आत्याबाई, मीच. तिनं तोंड उघडलं. पण तोंडातून हसरा, मवाळ आवाज आला.

"व्हय... ठिवली हाय."