चुकून मारलेली हाक

व्होरू गावातल्या आमच्या दवाखान्यात त्या वर्षी जनुकपेढीचे अहवाल येऊ लागले. कधीकाळी रक्त देऊन मोकळ्या झालेल्या माणसांना बोलावून मी समजावायची, तुमची जनुकं बघता अल्झायमरची जोखीम इतरांपेक्षा कमी की जास्त. "हा अंदाज आहे, शिक्षा नाही," हे वाक्य मला तोंडपाठ झालं होतं. मेरिकेच्या वेळी मात्र मी नुसता कागद पुढे सरकवला. मेरिके माझी नर्स आणि लहानपणापासूनची शेजारीण. शंभरातल्या सत्त्याण्णव जणांपेक्षा तिची जोखीम जास्त निघाली होती.

तिने कागदाची नीट घडी घातली. "आई मला तीन वर्षांपूर्वी विसरली. मी केर्तूला कधी विसरणार, तेवढं सांगा डॉक्टर."

केर्तू तिची एकुलती एक मुलगी, तार्तूच्या विद्यापीठात शिकते.

"वेड्यासारखं बोलू नकोस," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

नोव्हेंबर लागला. आमच्याकडे हा गेलेल्या माणसांचा महिना. वाफेची आंघोळ घ्यायची लाकडी खोली, म्हणजे आमचा धुराचा सौना, तापवायचा, घरच्यांनी आंघोळी उरकायच्या, मग पितरांसाठी कढत पाणी, अंगावर झोडायला बर्च झाडाच्या पाल्याची जुडी आणि धुतलेला टॉवेल आत ठेवायचा आणि दारातून एकेकाला नावानं हाक मारायची. मी असलं काही मानत नाही, पण मेरिकेचा सौना कधी चुकवत नाही. चारलाच अंधारून आलं होतं. आम्ही दोघी लालबुंद होऊन बाहेर आलो आणि मेरिके दारात उभी राहिली. आजोबा यूरी, आजी मिन्ना, मामा एल्मार. आणि त्याच ओघात, "आई लाइने."

"अगं, जिवंत आहे ती!" मला हसू फुटलं. "वृद्धाश्रमात सूप पीत बसली असेल."

मेरिके हसली नाही. "तोंडातून गेलं हो," ती म्हणाली. "आता हाक परत कशी घेऊ?" तिने दार लोटून घेतलं.

सकाळी वृद्धाश्रमातून फोन आला. लाइनेचे केस ओलेचिंब होते, उशीला धुराचा वास येत होता, आणि ती सारखी विचारत होती, माझी मेरिके कुठाय? तिथल्या बाईंनी शपथेवर सांगितलं की दार रात्रभर बंदच होतं.

चाळीस किलोमीटर गाडी मीच हाकली. लाइनेच्या मानेला बर्चचं पान चिकटलं होतं. मी ते काढलं. पान गरम होतं.

"आलीस पोरी?" म्हातारी म्हणाली. मेरिके तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मीही डोळे पुसले, खोटं कशाला सांगू?

"काय छान न्हाऊ घातलं गं मला," लाइने तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "तुझी आजी तुझं विचारत होती. म्हटलं, पोर जिवाला घोर लावून बसलीय. तर म्हणाली, मग आमच्याकडून तिला आलं ते आम्ही परत नेतो."

मेरिकेने त्याच दिवशी मला पुन्हा रक्त काढायला लावलं. जन्माला येताना मिळालेली जनुकं काही बदलत नसतात, हे मी तिला दोनदा सांगितलं. तरी काढलं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. आता शंभरात जेमतेम चार जणांची जोखीम तिच्यापेक्षा कमी होती. मी प्रयोगशाळेला फोन लावला.

"दोन्ही नमुने एकाच बाईचे आहेत," तिथला माणूस म्हणाला. "आम्हीही तपासलं." मग तो तुमच्याकडे बर्फ पडला का, असं विचारू लागला.

मेरिकेने राय नावाच्या धान्याची भाकरी भाजून सौन्यात ठेवली, हात जोडले. तिचा चेहरा कित्येक वर्षांत इतका निवांत मी पाहिला नव्हता. आम्ही दर शुक्रवारी लाइनेकडे जायचो. लाइनेला दर खेपेला काहीतरी नवीन आठवायचं आणि मेरिके मान डोलावत ऐकायची. एकदा परतताना तिने मला विचारलं, "मी खरंच तळ्यात पडले होते?"

मीच तिला ओढून काढलं होतं. नऊ वर्षांची होती ती.

"पडली होतीस," मी म्हणाले.

"असेल," ती म्हणाली. "आईला किती आठवतं ना! उपकार झाले."

नाताळच्या आधीच्या शुक्रवारी केर्तूला सुट्टी लागली. ती तार्तूच्या बसने थेट वृद्धाश्रमात आली, हातात आल्याच्या बिस्किटांचा डबा, टोपीवर बर्फ.

"आली माझी केर्तू!" लाइने ओरडली.

मेरिके लगबगीने उठली, आपली खुर्ची पुढे केली. मग माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते.

"किती गोड मुलगी," ती हळूच म्हणाली. "आईला भेटायला अजून कुणी कुणी येतं. देवाचे किती आभार मानू?"

केर्तू खळखळून हसली. आईच्या चेष्टेची तिला सवय होती.

मेरिकेने हात पुढे केला आणि आपलं नाव सांगितलं.