कोंडीरामच्या जांघेतली गाठ

हर्षाली, ती बॅटरी विझव आणि जवळ सरकून बस. ही ऐकीव गोष्ट नाही. अणदूरचा बलभीम माझा शाळेपासूनचा सोबती. त्याच्यावर गुदरलेली, त्याच्याच तोंडून ऐकलेली आहे.

चौदा डिसेंबर दोन हजार एकोणीस, शनिवार. रात्री नऊ वाजता बलभीम मोटारसायकल घेऊन गुंडाप्पाला आणायला गेला. गुंडाप्पा मेंढरांची आणि माणसांची गळवं फोडायचा. घरी बलभीमचा थोरला भाऊ कोंडीराम कण्हत पडला होता. दहा दिवसांपूर्वी सोलापुरात त्याच्या जांघेतून नळी घालून हृदय तपासलं होतं. डॉक्टरांनी आराम सांगितला. हा तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर! मग तिथंच लिंबाएवढी गाठ आली. कांद्याचं पोटीस बांधलं. पिकली नाही, वाढली.

"लई उडतीया रं," कोंडीराम म्हणाला.

"पिकाय लागली की ठणकतीच," गुंडाप्पा म्हणाला. "एवढा ट्रॅक्टर चालवतोस अन् गळवाला भितोस व्हय?"

सगळे हसले. कोंडीरामही.

पातं लावण्याआधी गाठीला बोट लावायचं नाही, अशी गुंडाप्पाची रीत. बोट लागलं की गळू आत पसरतं म्हणे. नुसता हात ठेवला असता तरी कळलं असतं. ती नाडीबरोबर उडत होती.

दहा वाजून दहा मिनिटं. पातं टेकलं.

पू आला नाही. रक्ताची चिळकांडी थेट वरच्या पत्र्याला लागली.

गुंडाप्पा पळाला. बलभीमनं तळहात दाबून धरला. शेजारच्या विरेशनं जीप काढली. पुढं विरेश, मागं दोघं भाऊ. आणखी कुणी नाही. सोलापूर पन्नास किलोमीटर.

"हात काढू नको, बलभीमा..."

नळदुर्ग मागं पडलं तसा कोंडीराम बोलायचा थांबला.

बलभीमचा हात बधिर झाला. बोटं सुटायला लागली. बोटांमधून गरम ओघळ...

"विरेश, सुटतोय रं हात..."

विरेश काय करणार? गाडी थांबवता येईना. मागं येता येईना.

तेवढ्यात बलभीमच्या हातावर एक हात आला.

थंड. बारका. बाईचा.

त्यानं बघितलं नाही. बघवलं नाही.

कानापाशी आवाज आला, "दाब... माज्या येळंला कुणी दाबलंच न्हाय..."

मग काहीच नाही. रस्ता. अंधार. आणि तो हात.

सोलापुरात डॉक्टर म्हणाले, हे गळू नव्हतंच. नळीचं धमनीतलं भोक बुजलं नव्हतं, बाहेर रक्त साचून पिशवी झाली होती. वेळेत आणलं असतं, तर सोनोग्राफीत बघून इंजेक्शननं बुजवता आली असती. आता चिरून धमनी शिवावी लागली. कोंडीराम वाचला.

"मग ती बाई कोण, आबा?"

चौथ्या दिवशी गुंडाप्पा बलभीमच्या दारात आला. आत येईना. बलभीमनं जीपमधलं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. हात टॉवेलात गुंडाळलेला. गुंडाप्पा खाली बघूनच म्हणाला,

"नखं उठल्यात का हातावर?"

"...व्हय."

"तीनच?"

बलभीमनं टॉवेल सोडला. मोजली.

गुंडाप्पा उंबऱ्यावर बसला. "तिला तीनच बोटं व्हती... तवाबी मी असाच पळालो," एवढंच म्हणाला आणि उठून गेला. कोण ती, कुणाला सांगितलं नाही.

खुणा मी परवाच बघितल्या. तीन आहेत.

अजून ओल्या.