बस गेली का?

हेर्डिसची बस म्हणजे दूर उत्तरेकडच्या त्या खाडीकाठच्या लोकांचं घड्याळ होतं. फेरीबोटीच्या धक्क्यावरून ती निघाली की काठावरच्या घरांत बटाटे उकडायला पडत, आणि शेवटच्या गावाला पोचली की म्हातारे बातम्या लावत. तिकडे नोव्हेंबर संपता संपता सूर्य डोंगराआड जातो तो थेट जानेवारीत तोंड दाखवतो. मधल्या दिवसांत दुपार काय अन् मध्यरात्र काय, खिडकीतून बघून काही कळत नाही. म्हणून त्या दिवसांत हेर्डिसच्या इंजिनाचा आवाजच खरा.

हेर्डिस साठीला टेकलेली, अंगाने आडवी आणि तोंडाने फटकळ. बुटांवरचं बर्फ न झटकता बसमध्ये चढणारा मंत्री असला तरी त्याला ती खाली उतरवी. पण एकट्यादुकट्या बाईच्या बाबतीत ही फटकळ बाई आईहून हळवी व्हायची. काळोखाच्या महिन्यांत एकटी बाई बसमध्ये असली की ती म्हणेल तिथे, थांबा असो नसो, बस थांबवायची. बाई पुढच्या दाराने उतरणार, तिच्यामागून दुसऱ्या कुणी उतरायचं नाही. मग बस मोठे दिवे लावून तिथेच उभी राहणार. बाईने घरात शिरून कडी लावली की खिडकीतला दिवा लावायचा, विझवायचा आणि पुन्हा लावायचा. तो दिसला की मगच हेर्डिस गिअर टाकणार.

हा नियम कुणी केला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्या रस्त्यावर तो कुणी मोडत नसे. "माझ्या बसमधून उतरलेली एकही बाई घरी पोचायची राहिली नाही," असं हेर्डिस छाती काढून सांगायची, आणि तिला तो अभिमान शोभायचाही.

डिसेंबरातल्या त्या गुरुवारी तिच्या डोक्यात फक्त नाताळचं जेवण होतं. खारवलेल्या बरगड्यांचं पुडकं तिने धक्क्यावरच्या दुकानातून घेतलं आणि सीटमागे नीट ठेवलं. दुपारचे चार वाजायला आले होते. बाहेर काळंकुट्ट, आणि थंडी अशी की श्वास घेतला की नाकातले केस ताठ व्हावेत. धक्क्यावरून दोनच माणसं बसमध्ये चढली. एक पेडर, रोज कॉफीच्या निमित्ताने धक्क्यावर येऊन गप्पा मारून जाणारा म्हातारा. दुसरी फेरीतून उतरलेली, तिशीतली एक परकी मुलगी, हातात बॅग, डोक्यावर पिवळी लोकरी टोपी.

"बूट!" हेर्डिस म्हणाली.

मुलीने घाईघाईने पायरीवर बूट झटकले.

"घाबरू नकोस गं," पेडर मागून म्हणाला. "ती चावत नाही. नुसती भुंकते."

"तू गप्प बस, नाहीतर तुला चालत पाठवीन," हेर्डिस म्हणाली. मग मुलीकडे वळली. "कुठे जायचंय?"

"स्कारनेस. टोकावरचं लाल घर."

"म्हणजे ओड्वारचं. आणि एकटीच?"

मुलगी हसली. "घर भाड्याने देणाऱ्या बाईंनीही फोनवर पहिल्यांदा हेच विचारलं. इथे सगळ्यांनाच एवढी काळजी असते का?"

तिचं नाव लिसबेट, डेन्मार्कची. गेल्या उन्हाळ्यात नवऱ्यापासून वेगळी झाली होती. आयुष्यात कधी एकटी कुठे गेली नव्हती, म्हणून मुद्दाम ठरवून निघाली होती, असं तिने आपणहून सांगून टाकलं. आईने म्हणे रडून गोंधळ घातला. "मी तिला म्हटलं, अगं, जगात बाईने एकटीने जावं अशी एकच जागा असेल तर ती हीच. मला सुखरूप परत जाऊन तिला दाखवायचंय."

"दाखवशील," हेर्डिस म्हणाली. "माझ्या बसमध्ये बसलीस ना, मग झालं." आणि तिने दिव्याची रीत समजावून सांगितली.

पेडर वाटेत उतरला. उतरताना तो काहीतरी विचारायच्या बेतात होता. ओड्वारच्या घराच्या दिशेने एकदा आणि मुलीकडे एकदा बघितल्यासारखं त्याने केलं, मग मफलर गुंडाळला आणि निघून गेला. त्या मुलखात दुसऱ्याच्या घरात कोण आलं, कोण गेलं हे विचारणं म्हणजे आगाऊपणा. शेजाऱ्याच्या छपरावरून धूर निघाला तर बरं चाललंय, न निघाला तर गावाला गेला असेल. तेवढ्यावर माणसं आनंदाने पिढ्यान्पिढ्या शेजारी राहतात.

स्कारनेसला रस्त्यापासून खाली उतरती पायवाट होती. बसच्या दिव्यांचा उजेड लाकडांच्या खोपटापर्यंत पोचे, त्यापुढे घराची नुसती कड दिसे. दार समुद्राच्या अंगाला असल्यामुळे रस्त्यावरून दिसत नसे. लिसबेट उतरली, हात हलवला आणि बॅग ओढत खाली गेली. बर्फ करकरत होतं. मग तो आवाजही थांबला.

हेर्डिस वाट बघत बसली. थर्मासमधली कॉफी ओतून घेतली. खाली पाणी दगडांवर हळूहळू आपटत होतं. खिडकी काळी होती. मग तिच्यात पिवळा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला.

"शाबास," हेर्डिस स्वतःशीच म्हणाली आणि निघाली.

शेवटचं गाव तिथून फार लांब नव्हतं. तिथे तिने बस वळवली आणि रिकामी बस घेऊन धक्क्याकडे परत निघाली. स्कारनेसच्या वळणावर दिव्यांच्या उजेडात एकदम काहीतरी पिवळं आलं. हेर्डिसने ब्रेक दाबला, बस आडवी घसरली आणि कशीबशी थांबली.

रस्त्याच्या मधोमध लिसबेट उभी होती. बॅग नाही, हातमोजे नाहीत, गुडघ्यापर्यंत बर्फाने माखलेली. दार उघडताच ती आत शिरली आणि पायरीवरच बसली. हेर्डिसला बूट आठवले नाहीत.

"का गेलीस?" लिसबेट म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मी मागून ओरडत होते... तू का गेलीस?"

"अगं, पण तू दिवा दाखवलास."

"मी आत गेलेच नाही."

"असं कसं? मी या डोळ्यांनी बघितला. लागला, विझला, लागला."

"मी पायरीवर उभी होते, हेर्डिस. बाईंनी दाराशी ठेवलीय म्हटलेली किल्ली शोधत होते. कडेच्या खिडकीत दिवा लागला. मला वाटलं, मालकीणबाई आत आहेत. बरंच वाटलं मला. मी दार वाजवलं..." ती थांबली. काचेतून मागे बघायला लागली, म्हणून हेर्डिसने आतले सगळे दिवे लावले. "आतून कुणीतरी दाराशी आलं. बाईच होती. अगदी हळू विचारलं... बस गेली का?"

हेर्डिसने आपला कोट काढून तिच्या अंगावर टाकला.

"मी म्हटलं, हो, ही काय, आत्ताच गेली. मला वाटलं, माझ्यासाठीच विचारतायत. मग ती आत वळली. कुणाला तरी सांगितलं..."

"काय सांगितलं?"

"'गेली गं.' इतकंच. आणि आतून पावलं यायला लागली. एकीची नव्हती. खूप जणी असल्यासारखी... अनवाणी. मी बॅग टाकली आणि पळाले."

हेर्डिसने दार बंद केलं, बस सुरू केली आणि एका हाताने ओड्वारला फोन लावला. तो दक्षिणेत मुलाकडे राहायला गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. नाताळच्या शुभेच्छा द्यायला फोन केलाय असं वाटून तो खुशीत बोलू लागला.

"ओड्वार, स्कारनेसचं घर तू कुणाला चालवायला दिलंयस?"

"कुणाला देणार? छप्पर गळतंय. आई गेली तेव्हाच कुलूप घातलं."

"मग भाड्याने देतं कोण?"

"भाड्याने? अगं, तिथली वीजसुद्धा मी तोडून टाकलीय. तुला काय झालंय?"

"गेल्या हिवाळ्यात मी एका डच बाईला तिथे उतरवलं होतं," हेर्डिस म्हणाली. "लाल नाड्यांच्या बुटांची. त्याच्या आदल्या हिवाळ्यातही एक होती. त्याच्याही आधी... ओड्वार, दर वेळी दिवा लागला होता."

"मला एकदा विचारायचंस तरी," ओड्वार म्हणाला.

खरं होतं. कधीच विचारलं नव्हतं. त्या बाया परत आपल्या बसने कशा आल्या नाहीत, हेही तिने स्वतःला विचारलं नव्हतं. कुणी डोंगरात गेली असेल, कुणी कुणाच्या गाडीने, होडीने गेली असेल, असं समजून ती दर वेळी पुढच्या उतारूकडे वळली होती. धक्क्यापर्यंत बस कशी नेली ते तिचं तिलाच कळलं नाही.

धक्क्यावरच्या कॅफेत माणसं होती, उजेड होता, वॉफलचा वास होता. लिसबेटला घोंगडीत गुंडाळून तिथल्या बाईच्या ताब्यात दिलं. "हिला एकटी सोडू नकोस. मुतायला गेली तरी दाराशी उभी राहा," हेर्डिसने बजावलं. मग ती पोलिसातल्या उन्नीला घेऊन निघाली. उन्नी तिच्या शेजारचीच, लहानपणी याच बसने शाळेत गेलेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि गाडी चालवता चालवता एकदम म्हणाली, "त्या डच बाईच्या घरच्यांनी वसंतात चौकशी केली होती. तुला आठवतंय ना?"

"हो."

"मी तुझ्याकडेच आले होते. तू म्हणालीस, घरात सुखरूप शिरली, मी दिवा बघितला. शपथेवर सांगते म्हणालीस." उन्नीचा आवाज फार हळू झाला. "म्हणून आम्ही घराकडे गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी डोंगरात फिरायला गेली असणार असं धरलं. सगळी माणसं, कुत्री, सगळं डोंगरात लावलं."

हेर्डिसने तोंडावर हात ठेवला. तिला रडू येत नव्हतं. आपला शब्द. अख्ख्या खाडीत ज्याच्यावर कुणी शंका घेत नसे तो आपला शब्द.

पायवाटेवर लिसबेटची पावलं होती, जाताना सरळ, येताना वेडीवाकडी. दुसरं एकही पाऊल नव्हतं. बॅग पायरीवर आडवी पडलेली. खिडकी काळी. कुलूप गंजून दाराशी एक झालं होतं, उन्नीला ते पहारीने तोडावं लागलं.

"आत कुणी आहे का?" उन्नीने हाक दिली.

आत बाहेरच्याहून जास्त गारठा होता. बंद घराचा, ओल्या लोकरीचा वास. बॅटरीच्या उजेडात धूळ दिसली, चादरी घातलेल्या खुर्च्या दिसल्या, भिंतीवर गोठलेलं पांढरं दव दिसलं. खिडकीत दिवा होता. त्यात बल्ब नव्हता, आणि वायर कापून गुंडाळून ठेवलेली होती. उन्नी एकेक खोली बघून आली. माणूस नाही, माणसाची खूण नाही. जमिनीवरच्या धुळीत तिच्याच बुटांचे ठसे.

"हेर्डिस," ती आतून म्हणाली, "इथे कुणीच नाही गं. वर्षानुवर्षं कुणी नाही."

हेर्डिस दारातच थांबली होती. उघडलेल्या दारामागे, भिंतीच्या कडेला, कुणीही आपल्या घरात शिरताना काढून ठेवतं तसे बूट ठेवलेले होते. सगळे बायकांचे. टाचा दाराकडे, चवडे आत, एकाला एक लावून. किती जोड होते ते तिने मोजलं नाही. तिने फक्त लाल नाड्यांचे शोधले, आणि ते होते.

ती खाली वाकली. भिंतीवर पाणी गोठलं होतं, तिचा श्वास गोठत होता. त्या डच बाईने पायरीवर हे बूट झटकले नव्हते म्हणून आपण तिला किती टाकून बोललो होतो, ते तिला आठवलं.

"हात लावू नकोस," उन्नी म्हणाली.

पण हेर्डिसने हात आत घातला होता. तिने तो काढला नाही. तशीच वाकून राहिली, मग शेजारच्या बुटात घातला, मग त्याच्या शेजारच्या.

"उन्नी," ती अगदी हळू म्हणाली, "गरम आहेत गं... सगळे आतून गरम आहेत."