बटणावरचं बोट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या रे पोरांनो, नंतर जमणार नाही. माझ्या चांगल्या ओळखीतला माणूस आहे हा. सगळे त्याला पंपवाला म्हणतात. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हृदय थांबवतात ना, तेवढा वेळ रक्त फिरवणारं यंत्र हा चालवतो. शरीरातून परत येणाऱ्या रक्ताच्या नळीवर सेन्सर असतो. रक्तात ऑक्सिजन किती, ते क्षणाक्षणाला पडद्यावर. आकडा पासष्टच्या खाली गेला की भोंगा.

गेल्या नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. दुसऱ्या दिवशी पहाटेच ऑपरेशन होतं, म्हणून रात्री साडेअकराला हा यंत्र जुळवून ठेवायला गेला. एकटाच.

आता पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं. आठच दिवसांपूर्वी त्याच टेबलावर एक शिवणकाम करणारी बाई गेली होती. भोंगा बोंबलत होता. सर्जन खेकसला, "बंद कर ती कटकट! तो सेन्सर खोटारडा आहे." आणि ह्या शहाण्यानं बटण दाबलं! अरे गाढवा, नळीतलं रक्त तरी बघायचंस, काळं पडलं होतं ते! वर कागदावर सगळे आकडे झकास लिहिले. बाईच्या मुलाला सांगितलं, आईचं हृदयच कमकुवत होतं. तो बिचारा ह्याचाच हात धरून म्हणाला, "तुम्ही खूप केलंत, दादा."

तर त्या रात्री नळ्या अजून पाकिटात होत्या. सेन्सर कशालाच जोडलेला नव्हता. हा पाठमोरा उभा.

भोंगा वाजला.

वळून बघतो तर पडद्यावर आकडा. चौसष्ट.

रक्ताचा थेंब नाही... आणि आकडा उतरतोय. अठ्ठावन्न. पन्नास.

"कोण आहे?" हा ओरडला.

त्रेचाळीस. ह्यानं विजेची वायर उपटली. पडदा चालूच. चाळीस...

आणि ह्यानं काय करावं? सवय रे, मेली सवय! हात आपोआप गेला. बटण दाबलं. पुन्हा!

भोंगा थांबला. सगळं शांत... मग अगदी कानाशी कुणीतरी श्वासासाठी धडपडलं. एकदाच.

सकाळी बघतो तर ते बोट निळं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. रक्त नीट वाहतंय, दुखत नाही, खुपत नाही. निळं ते निळंच.

मी म्हटलं, "अरे, त्या मुलाला जाऊन खरं सांग." तर म्हणतो, "नोकरी जाईल, काका." जाऊ दे की! त्याची आई गेली, त्याचं काय?

काल रस्त्यात भेटला. ऐन उन्हाळ्यात हातात मोजा. खेचून काढला मी.

मनगटापर्यंत आलंय.